डावा खांदा

भूपेंद्रने नूतनच्या खांद्याची रायफल काढून घेतली, हवेतच फिरवली आणि तिच्या उजव्या खांद्याला टेकवली.

"अशी," तो म्हणाला. "इतकी वर्षं अशीच धरलीस ना?"

"भाऊ, नळी खाली," काउंटरमागून रोनक म्हणाला. "रिकामी असली तरी माणसांकडे नको."

भूपेंद्रने नळी खाली केली, पण रायफलवरची पकड सोडली नाही. नूतनने ती त्याच्या हातातून ओढून घेतली, बोल्ट मागे करून आत छर्रा नाही ना ते पुन्हा एकदा पाहिलं आणि टेबलावरच्या फोमवर रायफल आडवी ठेवली. अगदी सावकाश ठेवली. खरं तर तिला ती आपटायची होती.

धुळ्याचं हे दुकान रोनकच्या वडिलांनी, अमृतलालजींनी, कॅरमबोर्ड आणि बॅटींवर उभं केलं होतं. रोनकच्या हाती आल्यावर वरच्या मजल्यावर एअर रायफली आल्या. त्याने हॉलच्या एका टोकाला छर्रे अडवणारी लोखंडी पेटी लावून दहा मीटरची एक लेन काढली होती, म्हणजे माणसाने बंदूक झाडून बघावी आणि मगच घ्यावी. अमृतलालजी अजूनही रोज वर येऊन बसत. त्यांना बंदुकांचं काही पडलेलं नव्हतं. ते मांडीवर बॅट आडवी घेऊन तिच्या दांड्यावर रबराची ग्रिप चढवत होते.

नूतन आणि तिचे वडील असोद्याहून सकाळीच निघाले होते. घरातून निघताना भांडण झालं, जळगाव ओलांडलं तरी चाललं, आणि एरंडोलच्या पुढे दोघंही गप्प झाले ते थेट दुकानाच्या पायऱ्यांपर्यंत.

"मी फोनवर सांगितलं होतं," भूपेंद्र रोनकला म्हणाला. "उजव्या हाताची, स्पर्धेची. ती बांधून ठेव म्हटलं होतं. ही दुसरी कशाला काढलीस?"

"ताईंनी मागितली."

"ताईंनी!"

टेबलावर दोन रायफली होत्या. दोन्ही पीसीपी. नळीखालच्या सिलिंडरमध्ये हवा आधीच दाबून भरलेली, त्यामुळे जत्रेतल्या बंदुकीसारखी दरवेळी नळी मोडून स्प्रिंग दाबायची भानगड नाही, आणि चाप ओढल्यावर झटका नाही. "गोळी सुटताना ही हलत नाही," रोनकने आल्याआल्या सांगितलं होतं. "म्हणजे नेम चुकला तर बंदुकीला दोष देता येत नाही." त्यातली एक देखणी होती. तिची लाकडी मूठ उजव्या तळव्यासाठी कोरलेली, अंगठ्याला खाच, गाल टेकायची पट्टी एकाच बाजूला फुगलेली. दुसरी साधी, नवशिक्यांची, दोन्ही खांद्यांना चालणारी. नूतनने दुसरी उचलली होती आणि डाव्या खांद्याला लावली होती, तेवढ्यात भूपेंद्र आडवा आला होता.

"ज्योती मॅडमनी काय सांगितलं ते तुम्ही ऐकलंत," नूतन म्हणाली.

"ऐकलं."

"मग?"

"मॅडम काल आल्या. पोरगी माझी आहे."

ज्योती मॅडम जळगावच्या रेंजवर याच वर्षी प्रशिक्षक म्हणून आल्या होत्या. राज्य स्पर्धेत नूतनचा नेम मधल्या फेरीपासून ढासळला, त्यानंतर त्यांनी तिला एका बाजूला नेलं. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी खिडकी करायला लावली आणि तिच्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायला सांगितलं. मग एकेक डोळा मिटायला लावला. उजवा मिटला तरी घड्याळ खिडकीत होतं. डावा मिटला की घड्याळ गायब. मॅडमनी तिला तेच पुन्हा करायला लावलं. मग म्हणाल्या, "तुझा नेमाचा डोळा डावा आहे. तू आजवर चुकीच्या डोळ्याने भांडत आलीस. स्वतःची रायफल घेण्याआधी खांदा बदल. एकदा उजव्या मुठीची घेतलीस की बदलणार नाहीस."

नूतन त्या दिवशी रेंजवरून घरी आली आणि जेवलीच नाही. डोळा डावा निघाला याचं तिला नवल वाटलं नव्हतं. ती पहिलीत असताना जेवायला बसली की भूपेंद्र तिच्या डाव्या मनगटाला रुमाल बांधायचा आणि दुसरं टोक पाटाखाली दाबून ठेवायचा. ती रडायची. तो म्हणायचा, रडत का होईना, उजव्याने जेव. लिहायचा हात उजवा झाला. वाढायचा, नमस्काराचा, परीक्षेचा, सगळा उजवा झाला. भाजी चिरायची वेळ आली आणि ओट्यापाशी कुणी नसलं की सुरी मात्र आपोआप डाव्या हातात जायची.

"घेऊन बघू दे की त्यांना," रोनक मध्ये पडला. "लेन मोकळीच आहे. दोन्ही बाजूंनी झाडू देत. कागदच सांगेल."

"झाडू दे," भूपेंद्र म्हणाला. हाताची घडी घालून तो भिंतीला टेकला. "होऊनच जाऊ दे."

नूतनने केस घट्ट बांधले. साधी रायफल डाव्या खांद्याला लावली आणि डावा गाल पट्टीवर टेकवला. मागच्या साईटच्या भोकातून समोरचं कडं दिसलं, आणि कड्याच्या बरोबर मध्ये काळा गोल. तो तिथेच थांबला. इतकी वर्षं उजव्या डोळ्यापुढे तो गोल थरथरायचा, दोन व्हायचा, त्यासाठी तिने डाव्या डोळ्यासमोर पांढरी पट्टी लावली होती, डोकेदुखीच्या गोळ्या घेतल्या होत्या. आत्ता काहीच लावलेलं नव्हतं. गोल नुसता उभा होता. त्या सगळ्या वर्षांचा तिला एकदम संताप आला. तिने चाप ओढला.

डाव्या बोटाला चाप माहीत नव्हता. ते आडवं गेलं. छर्रा कागदाच्या कडेला लागला. दुसरा खाली. तिसऱ्याला तिने श्वास धरला, पण दंड थरथरू लागला, कारण रायफल पेलणारा हात आता उजवा होता आणि त्याला तो भार ठाऊक नव्हता. ती झाडत राहिली. जितकी चिडली तितके छर्रे फाकत गेले.

रोनकने दोरी ओढून कागद जवळ आणला. कागदभर भोकं होती.

"बघ," भूपेंद्र म्हणाला. त्याने कागद हातात घेऊन तिच्यासमोर धरला. "हा तुझा डावा डोळा. बघ नीट."

"आज वाईटच जाणार भाऊ," रोनक म्हणाला. "हात नवा आहे त्यांचा. सहा महिने दिले तर..."

"सहा महिने! रोज पहाटे हिला रेंजवर कोण सोडतं? केळीची गाडी भरायची सोडून मी गेलो. पाऊस म्हटला नाही, थंडी म्हटली नाही. त्याचं काय? ते सगळं पाण्यात? एक बाई येते, हाताची खिडकी करायला लावते, आणि हिचं बठ्ठं डोकं फिरतं. मन घट्ट नाही म्हणून हरली ही. डोळ्याचं कौतुक नको सांगू."

"मन घट्ट नाही?" नूतनने बोल्ट उघडा टाकून रायफल टेबलावर ठेवली. तिचा आवाज चढला नव्हता, पण खालच्या ओठाला दातांची पांढरी खूण उमटली होती. "पप्पा, कागद सोपा वाटतो ना तुम्हाला? तुम्ही करून दाखवा."

"त्यात काय आहे? जत्रेत फुगे फोडलेत मी. तुझ्या आईला विचार."

"मग करा."

"करतो."

रोनकने नवा कागद लावला, त्याला खुर्ची दिली, कोपराखाली वाळूची पिशवी सरकवली, छर्रा कसा बसवायचा ते दाखवलं. भूपेंद्रने बाह्या वर सारल्या. तो अजून बोलतच होता. मन एका जागी ठेवावं लागतं, माणसाने एकदा ठरवलं की दुसरीकडे बघायचं नसतं, आजकालच्या पोरांना सगळं आयतं पाहिजे. बोलता बोलता त्याने रायफल उचलली आणि खांद्याला लावली. गाल पट्टीवर टेकवला. उजवा डोळा मिटला.

चापाचा आवाज झाला. पेटीत टक् झालं. त्याने पुन्हा छर्रा घातला. पुन्हा टक्. आता तो बोलत नव्हता. पाठीचा ताठरपणा गेला होता, मान एका बाजूला कलली होती, आणि त्याचा चेहरा नूतनने कधी न पाहिलेला, एखाद्या कामात पूर्ण बुडालेल्या माणसाचा झाला होता. तो छर्रे घालत गेला.

नूतन त्याच्या खांद्याकडे बघत होती. रोनकही बघत होता. रोनकने नजर दुसरीकडे वळवली.

अमृतलालजींनी ग्रिप चढवायची थांबवली. चष्मा कपाळावर सारला. गिऱ्हाईक खेड्यातलं असलं की ते त्याच्याशी अहिराणीत बोलत.

"भाऊ," ते सहज म्हणाले, "तुम्हीबी डावखोरा शेतस का?"

भूपेंद्रने मान उचलली. आधी अमृतलालजींकडे पाहिलं, मग रायफलकडे. ती त्याच्या डाव्या खांद्याला होती. चापावर डावं बोट होतं.

"नाही," तो म्हणाला.

त्याने घाईने रायफल उजव्या खांद्याला लावली. गाल टेकवला. मान पुढे घेतली, मागे घेतली, पट्टीवरून डोकं पलीकडे झुकवलं. त्याला ते भोक सापडेना. कुणीतरी अनोळखी दाराला किल्ली लावत राहावं तसा तो डोळा लावत राहिला. खाली गल्लीत एक हातगाडीवाला ओरडत गेला.

भूपेंद्र उठला. रायफल ठेवताना ती टेबलाच्या कडेला आपटली. रोनकने ती सावरली आणि बोल्ट उघडला.

"कागद बघायचा का, भाऊ?"

"कागद गेला खड्ड्यात. डाव्या हाताची कुठे आहे?"

"काय?"

"डाव्या हाताची! या मुठीसारखी, पण डाव्या हाताची. स्पर्धेची. दाखव."

"ती नाही आत्ता. मागवावी लागेल."

"का नाही?" भूपेंद्रचा आवाज हॉलभर घुमला. "दुकान कशाला उघडलंस? डाव्या हाताची माणसं नाहीत का धुळ्यात? जळगावात नाहीत? त्यांनी काय करायचं? आयुष्यभर दुसऱ्याची मूठ धरायची? एक ठेवता येत नाही तुला? एक?"

"कमी जातात भाऊ, म्हणून..."

"कमी का जातात? तुम्ही ठेवत नाही म्हणून कमी जातात! माणूस येतो, जी समोर दिसेल ती उचलतो आणि घरी जातो. मग त्याला म्हणायचं, मन घट्ट नाही तुझं." तो धापा टाकत होता. "मागव. आजच्या आज मागव. आणि उजवी दिलीस पाठवून तर परत घेऊन येईन, याद राख."

रोनकने मान हलवली आणि फोन काढला. भूपेंद्र जिना उतरून खाली गेला. नूतन टेबलापाशी उभी राहिली. तिला हवं ते मिळालं होतं. तिला काहीच मिळाल्यासारखं वाटत नव्हतं. तिने दोरी ओढून बापाचा कागद जवळ आणला, पाहिला, तसाच सोडला, आणि रोनकशी बोलू लागली: वजन पेलेल का, गालाची पट्टी वरखाली होते का, सिलिंडर भरायला हातपंप पुरेल का. रोनकने प्रत्येक गोष्ट समजावून सांगितली. ती विचारत राहिली, कारण तिला इतक्यात खाली जायचं नव्हतं.

पिकअपमध्ये ती त्याच्या शेजारी बसली तेव्हा इंजिन आधीच सुरू होतं.

शहर मागे पडलं. महामार्गावर कापसाने फुगलेल्या गाड्या जिनिंग मिलकडे चालल्या होत्या. ओव्हरटेक करताना भूपेंद्र प्रत्येकाला शिवी घालत होता. पारोळा गेल्यावर नूतन बोलली.

"तुमचं कोणी सोडवलं?"

"काय?"

"डावा हात. कोणी सोडवला?"

भूपेंद्र रस्त्याकडे बघत राहिला.

"शाळेत गुरुजींनी," तो म्हणाला. "घरी आबांनी."

"कसा?"

"जसा सोडवतात तसा."

"म्हणजे कसा?"

"चुलीतलं लाकूड घेऊन," तो म्हणाला, आणि हॉर्न दाबून धरला. समोर काहीच नव्हतं.

नूतनने त्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं. मनगटाच्या वर एक जुना, चकाकणारा डाग होता. तो गुऱ्हाळाच्या कढईला भाजल्याचा, असं लहानपणी तिला सांगितलेलं होतं. तिच्या मनात कळवळा आला असता तर बरं झालं असतं. पण तिला आतून कुणीतरी पेटवल्यासारखं झालं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "कसं वाटतं ते माहीत होतं. आणि तरी तुम्ही मला रुमाल बांधलात."

"रुमालच बांधला. लाकूड नाही घेतलं."

"उपकार झाले."

"नूतन."

"नाही पप्पा. माहीत नसतं तर मी समजले असते. माहीत होतं तुम्हाला!"

"मला वाटलं सवय होते," तो ओरडला. "मला झाली ना! झाली की नाही सवय? शेती केली, संसार केला, सगळं याच हाताने केलं!" त्याने स्टिअरिंगवर उजवा हात आपटला.

"झाली?" ती म्हणाली. "मघाशी दुकानात दिसली."

भूपेंद्रने तो हात पुन्हा स्टिअरिंगवर घट्ट धरला. डॅशबोर्डवरचा फोन वाजू लागला. पडद्यावर वना आबांचं, तिच्या आजोबांचं, नाव होतं. भूपेंद्रने गाडीचा वेग कमी केला, घसा साफ केला आणि फोन स्पीकरवर घेतला.

"हं, आबा."

"झालं का रे काम?" आबांचा आवाज ऐंशी ओलांडूनही खणखणीत होता. "घेतली बंदूक?"

"सांगितली आहे. येईल थोड्या दिवसांत."

"उजव्या हाताचीच ना? का पोरीनं केलं तिच्या मनासारखं?"

दुकानात रोनकवर, घरात आईवर, वावरात मजुरांवर चढणारा आपल्या बापाचा आवाज नूतनने जन्मभर ऐकला होता. आत्ता गाडीत जो आवाज आला तो त्याचा नव्हता. पातळ होता, घाईचा होता.

"हो आबा," भूपेंद्र म्हणाला. "उजवीच."

"मंग बरं झालं. ये लवकर."

फोन बंद झाला. भूपेंद्रने तिच्याकडे पाहिलं नाही. नूतनने हात पुढे करून फोन उचलला आणि तोच नंबर पुन्हा लावला.

"काय करतेस? ठेव तो. नूतन, ठेव म्हणतो ना!"

"आबा, मी नूतन," ती म्हणाली. "पप्पा खोटं बोलले. डाव्या हाताची सांगितली आहे. मी नाही, पप्पांनीच सांगितली. आणि तेही डावखुरे आहेत. ते तुम्हाला माहीत आहे."

पलीकडे खाट करकरली. मग आबा खोकले.

"त्याले दे," ते म्हणाले.

तिने फोन पुढे धरला. भूपेंद्रने तो घेतला नाही. गाडी तशीच थोडं अंतर गेली. मग त्याने इंडिकेटर दिला, रस्ता सोडून गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, तिच्या हातातला फोन घेतला आणि खाली उतरला. दार लावून घेतलं.

समोरच्या काचेतून तो तिला दिसत होता. गाडीपुढे काही पावलांवर तो फोन कानाला लावून ताठ उभा होता. मान खाली होती. मध्येच ती मान हलत होती, हो म्हणावं तशी. पुन्हा हलली. नूतनला ते बघवेना. या माणसाला आपण इतकी वर्षं घाबरत आलो, याची तिला त्या क्षणी लाज वाटली, त्याची की स्वतःची ते कळलं नाही, आणि रागही तसाच होता, जराही न उतरलेला.

मान हलायची थांबली. भूपेंद्र थोडा वेळ नुसता ऐकत राहिला. नंतर त्याने फोन कानापासून दूर घेतला, त्याच्याकडे पाहिलं, आणि तोंडासमोर धरला. त्याचं तोंड उघडलं. मानेच्या शिरा वर आल्या. डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन चाललेली एक बाई थबकली, मागे वळून त्याच्याकडे बघत पुढे गेली. तो एका जागी उभा राहीना. दोन पावलं इकडे, दोन तिकडे. मोकळा हात हवेत उठत होता आणि खाली येत होता. शेजारून ट्रकमागून ट्रक जात होते आणि प्रत्येकाबरोबर गाडी हलत होती. तो ओरडत होता त्यातलं एक अक्षरही आत ऐकू येत नव्हतं.

नूतनने काच खाली करायच्या हँडलवर हात ठेवला. मग तो काढून घेतला, आणि त्याचं बोलून होईपर्यंत तशीच बसून राहिली.